सुक्या फळांचे लोणचे

सुक्या फळांचे लोणचे : खारीक, बेदाणे, मनुका, जर्दाळू, अंजीर यांसारखी वाळविलेली फळे लिंबाचा रस किंवा शिर्का (व्हिनेगर), मीठ, साखर वा गूळ आणि मसाल्याचे पदार्थ यांत मुरवून केलेला तोंडी लावण्याचा पदार्थ. कैरी, लिंबू, आवळा इ. ताज्या फळांच्या लोणच्यांप्रमाणे हे लोणचे हंगामावर अवलंबून नसते. ते वर्षभर केव्हाही व थोड्या प्रमाणात करता येते. काही तासांत ते काही दिवसांत ते खाण्याजोगे होत असल्याने त्याची गणना झटपट लोणच्यांत होते. चव आंबट-गोड व तिखट असते. महाराष्ट्रात लिंबाच्या रसातील खारकेचे लोणचे, तर पारशी समाजात गाजर व सुकी फळे यांचे ‘लगन नू अचार’ हे या वर्गातील परिचित प्रकार होत.

लोणचे हा शब्द लवण (मीठ) या संस्कृत शब्दावरून आला आहे. कैरीच्या लोणच्यात मिठाचे टिकाऊपणाचे कार्य मोठे असल्याने तेथे तो अन्वर्थक ठरतो. सुक्या फळांच्या लोणच्यात मात्र मीठ मुख्यत्वे चवीपुरते असते आणि पदार्थ टिकविण्याचे कार्य प्रामुख्याने अम्लाला व काही अंशी साखरेला करावे लागते. हा फरक लक्षात न घेता कैरीच्या लोणच्याचे नियम या लोणच्याला लावल्यास ते बिघडते आणि काही परिस्थितीत अपायकारकही ठरू शकते.

मूलतत्त्व : ताज्या द्राक्षांत सु. ८० टक्के पाणी असते. बेदाण्यात ते सु. १५ टक्क्यांवर आलेले असते. एक किग्रॅ. बेदाणे मिळविण्यासाठी सु. चार किग्रॅ. द्राक्षे लागतात. उरलेले पाणीही फळातील साखरेने बांधून ठेवलेले असल्याने सूक्ष्मजीवांना ते सहजासहजी उपलब्ध होत नाही. पदार्थातील पाणी सूक्ष्मजीवांना कितपत उपलब्ध आहे, हे जलक्रियता या राशीने दर्शवितात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ मानतात. नीट वाळविलेल्या फळांत ती बहुधा ०·६ च्या आसपास असते. बहुतेक सूक्ष्मजंतूंना ०·९ पेक्षा अधिक जलक्रियता लागते; काही बुरशी व साखर सहन करणारी किण्वे (यीस्ट) त्याहून पुष्कळ कमी जलक्रियतेतही वाढू शकतात. सुके फळ डब्यात महिनोन्‌महिने टिकते ते या कारणाने [⟶ खाद्यपदार्थांचे परिरक्षण].

लोणचे करताना हेच फळ द्रवात भिजविले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावले असता तर्षणाने फोडींतील पाणी बाहेर येते. सुक्या फळाच्या बाबतीत याच्या उलट घडते. फळ भोवतालचा द्रव शोषून फुगते व त्यातील साखर हळूहळू बाहेरच्या द्रवात उतरते. म्हणून एक-दोन दिवसांनी बरणीतील रस गोड व दाट झालेला आढळतो. द्रव शोषल्याने फळाची जलक्रियता वाढते आणि कोरडेपणामुळे त्याला लाभलेले संरक्षण संपुष्टात येते. एक संरक्षण गेले की त्याच्या जागी दुसरे द्यावे लागते व ते म्हणजे अम्ल होय. यावरून या लोणच्याचा मुख्य नियम निघतो : सुके फळ पाण्यात भिजवून नंतर त्याला आंबट करू नये, तर प्रारंभापासूनच ते आंबट द्रवात भिजवावे. कोरडे फळ पहिल्या भिजवणीचा द्रव गाभ्यापर्यंत ओढून घेते. हा द्रव पाणी असेल, तर गाभा पाण्याने भरतो व नंतर घातलेले अम्ल केवळ सावकाश विसरणाने आत शिरते. शिवाय आतील पाण्यामुळे ते विरलही होते.

लोणच्याचे पीएच मूल्य ४·६ च्या खाली असणे आवश्यक मानतात. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या सूक्ष्मजंतूची बीजुके याहून अधिक आंबट माध्यमात रुजत नाहीत. हा सूक्ष्मजंतू हवाविरहित जागी, उदा., तेलाच्या थराखाली, वाढून अत्यंत घातक विष निर्माण करतो आणि त्यामुळे पदार्थाचा वास वा रंग बदलतोच असे नाही. लिंबाच्या रसाचे पीएच मूल्य सु. २ ते २·६ असते. त्यात सर्वसाधारणपणे ५ ते ६ टक्के सायट्रिक अम्ल असते. खाण्याच्या शिर्क्यात बहुधा ४ ते ५ टक्के ॲसिटिक अम्ल असते. भारतातील अन्न सुरक्षा व मानके विनियम, २०११ नुसार विक्रीसाठी लिंबूवर्गीय फळांच्या रसात घातलेल्या लोणच्यात सायट्रिक अम्लाच्या परिमाणात किमान १·२ टक्के आंबटपणा असावा लागतो. घरगुती लोणच्याला हे बंधन लागू नसले, तरी मार्गदर्शक म्हणून हा आकडा उपयुक्त आहे.

फळे : खारीक हे या लोणच्याचे महाराष्ट्रातील सर्वांत रूढ फळ. खजुरीची (फीनिक्स डॅक्टिलिफेरा) फळे पिवळ्या किंवा लाल, कडक अवस्थेत उतरवून ती पाण्यात उकळतात व नंतर उन्हात वाळवितात. त्यांनाच खारीक म्हणतात. मऊ पक्व अवस्थेतील फळ म्हणजे खजूर. सिंधमधील खैरपूरचा परिसर खारकेसाठी प्रसिद्ध आहे. खारकेचा गर कठीण व तंतुमय असल्याने ती अनेक दिवस रसात राहूनही विरघळत नाही, हा तिचा लोणच्याच्या दृष्टीने मोठा गुण होय. खजूर मात्र लवकर लगदा होतो; त्याची चटणी चांगली होते, लोणचे होत नाही. खारकेत नैसर्गिक अम्ल फारच थोडे असल्याने आंबटपणा सर्वस्वी बाहेरून पुरवावा लागतो.

बेदाणा हे बिनबियांचे, तर मनुका हे सामान्यतः मोठे, काळसर व सबीज वाळविलेले द्राक्ष होय. महाराष्ट्रात नासिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत बेदाण्यांचे उत्पादन होते. थॉमसन सीडलेस या व तत्सम वाणांची द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या पाण्यातील द्रावणात बुडवून काढतात. त्यामुळे सालीवरील मेणाचा थर पाण्याला वाट देतो आणि जाळ्यांच्या मजल्यांवर सावलीत पसरलेली द्राक्षे सु. दोन आठवड्यांत वाळतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. बेदाण्यात मूळचे टार्टारिक अम्ल असते. त्याची साल पातळ असल्याने तो काही तासांत फुगतो. सर्वांत कमी वेळात होणारे लोणचे त्याचेच.

जर्दाळू दोन प्रकारचे मिळतात. नारिंगी रंगाचे मऊ, बिनबियांचे जर्दाळू गंधकाच्या धुरीने किंवा सल्फाइटाने प्रक्रिया केलेले असतात. प्रक्रियेमुळे रंग टिकतो. तपकिरी, लहान, आठळीसह असलेले जर्दाळू बहुधा प्रक्रियेविना वाळविलेले असतात. पारशी स्वयंपाकात दुसऱ्या प्रकाराला पसंती आहे. सल्फाइटामुळे दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो; त्यांनी प्रक्रिया न केलेली फळे वापरणे श्रेयस्कर. अंजिरे महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यात पिकतात. परंतु ती मुख्यत्वे ताजी खाल्ली जातात. बाजारातील सुकी अंजिरे बहुतांशी अफगाणिस्तान, इराण व तुर्कस्तान या देशांतून येतात.

फळे निवडताना ती कीड व बुरशी यांपासून मुक्त आहेत, हे एकेक उलगडून पाहावे. अंजीर व खारीक तर उघडूनच पाहावी लागतात. अंजीर व बेदाणे यांवर आढळणारी पांढरी, रवाळ पूड बहुधा फळातून बाहेर आलेल्या साखरेचे स्फटिक असते व ती कोमट पाण्यात विरघळते. केसाळ, करडी, हिरवी वा काळी वाढ मात्र बुरशी होय. बुरशी लागलेल्या अंजिरांत ॲफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. आंबट, मसाला किंवा उकळणे यांनी ते नाहीसे होत नाही. म्हणून असे फळ ‘लोणच्यात खपून जाईल’ या समजुतीने वापरणे धोक्याचे आहे.

खारकेचे लोणचे : २५० ग्रॅ. खारका ओल्या फडक्याने पुसून घेतात किंवा भरभर धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करतात. अडकित्त्याने किंवा सुरीने बिया काढून त्यांचे उभे, पातळ काप करतात. काप जितके पातळ, तितका रस लवकर मुरतो. अख्खी खारीक मुरण्यास कितीतरी अधिक दिवस लागतात. काप काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत घालून त्यांवर २५० मिलि. लिंबाचा रस (मध्यम आकाराची १० ते १२ लिंबे) व ४० ग्रॅ. मीठ घालतात. बरणी दोन ते तीन दिवस ठेवून दिवसातून दोनदा हलवितात. या काळात काप रस पितात व वरचे काप उघडे पडतात; तेव्हा आणखी रस घालावा, पाणी घालू नये. नंतर १२५ ग्रॅ. साखर किंवा किसलेला गूळ, सु. १५ ग्रॅ. तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सुंठ व थोडी लवंग-दालचिनीची पूड मिसळतात. साखर विरघळल्यावर लोणचे खाण्यास योग्य होते. चव मिळून येण्यास आणखी दोन-तीन दिवस लागतात. मोहरी व हिंग न घालता केलेले हे लोणचे अनेक घरांत उपवासालाही चालते.

या प्रमाणात घटकांचे एकूण वजन सु. ६९० ग्रॅ. होते. लिंबाच्या रसात ५ टक्के सायट्रिक अम्ल धरले, तरी २५० मिलि. रसातून १२·५ ग्रॅ. अम्ल मिळते, म्हणजेच लोणच्यात सु. १·८ टक्के. रस वाचविण्यासाठी निम्मा रस व निम्मे पाणी घेतल्यास हे प्रमाण सु. ०·९ टक्क्यावर येते व वर उल्लेखिलेल्या मर्यादेच्या खाली जाते. साखर असल्याने जिभेला हा फरक कळेलच असे नाही. गोडीमुळे आंबटपणा झाकला जातो. म्हणून या लोणच्यात रसाचे प्रमाण चवीवरून न ठरविता मोजून घेणे योग्य होय.

बेदाण्याचे लोणचे : २०० ग्रॅ. बेदाणे धुऊन कोरडे करतात. स्टेनलेस पोलादाच्या पातेल्यात २०० मिलि. शिर्का, ५० ग्रॅ. साखर, ८ ग्रॅ. मीठ, आल्याचे थोडे काप, मिरी, लवंग, दालचिनी व एखादी सुकी मिरची एकत्र करून एक उकळी आणतात. हा गरम द्रव बेदाण्यांवर ओतून, ते पूर्ण बुडाले आहेत असे पाहून, निवल्यावर बरणी झाकतात. उष्णतेने फळाची साल शिथिल होते आणि द्रव झपाट्याने आत जातो; त्यामुळे तीन-चार तासांत बेदाणे खाता येतात व दुसऱ्या दिवशी चव अधिक चांगली लागते. द्रव फार वेळ उकळू नये, कारण ॲसिटिक अम्ल बाष्पनशील असून त्याचा काही भाग वाफेबरोबर निघून जातो. जर्दाळू व अंजीर यांचे तुकडे करून हीच कृती वापरता येते. त्यांना मुरण्यास एक ते दोन दिवस लागतात.

लगन नू अचार : पारशी विवाहाच्या भोजनात, पानाच्या प्रारंभीच्या पदार्थांबरोबर हे लोणचे वाढण्याची प्रथा आहे. मुंबई व दक्षिण गुजरात येथील पारशी घरांतून ते केले जाते. यात किसलेले किंवा बारीक चिरलेले गाजर, बेदाणे, खारकेचे काप व जर्दाळू हे घटक असून ते सरको (उसाचा शिर्का), गूळ वा साखर, मिरची, आले, लसूण व गरम मसाला यांबरोबर मंद आचेवर शिजवितात. पाक दाट होऊन फळांना चिकटू लागला की लोणचे उतरवितात. वरील दोन प्रकारांहून हे भिन्न आहे, कारण यात सुक्या फळाला लागणारा ओलावा मुख्यत्वे गाजराच्या रसातून मिळतो. गाजर, आले व लसूण हे अत्यल्प अम्ल असलेले पदार्थ असल्याने शिर्क्याचे प्रमाण कमी करणे येथे विशेष अनिष्ट ठरते. गुजरातेत कैरी व गुळाच्या लोणच्यातही खारीक घालतात. तेथे कैरीचा आंबट रसच खारीक शोषून घेते.

मसाले व भांडी : मोहरीची पूड द्रवात फेसली असता तिच्यातील एंझाइमाच्या क्रियेने झणझणीत तैलद्रव्य मुक्त होते. तीव्र अम्लात व उष्णतेत हे एंझाइम मंदावते. त्यामुळे मोहरी घालावयाची असल्यास ती आधी चमचाभर पाण्यात फेसून, झणका आल्यावर रसात मिसळावी. लवंग, दालचिनी व मिरी यांच्यामुळे चव व सुगंध येतो. त्यांच्यातील तैलद्रव्यांना काही प्रमाणात सूक्ष्मजीवरोधक गुण असला, तरी लोणच्यातील अल्प मात्रेत तेवढ्यावर विसंबता येत नाही. वर तेलाचा थर देण्याची कैरीच्या लोणच्यातील पद्धत येथे गैरलागू आहे. तेल हवा रोखते, पण अम्लाची उणीव भरून काढत नाही. किंबहुना अम्ल अपुरे असल्यास हवाविरहित थर घातक सूक्ष्मजंतूला पोषक ठरतो. लसणाच्या पाकळ्या घालावयाच्या असल्यास त्या शिर्क्यात बुडालेल्या असाव्यात, तेलात नव्हे. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम यांवर अम्लाची क्रिया होऊन धातू पदार्थात उतरतो. म्हणून ही भांडी वर्ज्य समजतात.

साठवण : झटपट लोणचे व टिकाऊ लोणचे यांत भेद केला पाहिजे. लोणचे खाण्याजोगे झाले, म्हणजे ते टिकाऊ झाले असे नव्हे. बेदाण्याचे लोणचे चार तासांत चविष्ट होते. परंतु त्या वेळी मोठ्या फळांच्या गाभ्यापर्यंत अम्ल पोहोचलेले असतेच असे नाही. अशी लोणची प्रशीतकात (सु. ४° से. तापमानास) ठेवून साधारणपणे महिनाभरात संपवावीत. भरपूर रसातील खारकेचे लोणचे परंपरेने दादरा बांधून बाहेरही ठेवले जाते. तथापि त्यात कैरीच्या लोणच्याइतके मीठ नसते, हे ध्यानात घेऊन पावसाळ्यात व किनारपट्टीच्या दमट हवेत तेही प्रशीतकात ठेवणे इष्ट. फळे नेहमी रसात बुडालेली असावीत, चमचा कोरडा असावा आणि रोजच्या वापरासाठी थोडे लोणचे वेगळे काढून घ्यावे.

लोणचे बिघडते ते बहुधा किण्वांमुळे. झिगोसॅकॅरोमायसीज वंशातील काही जाती भरपूर साखर व पुष्कळ अम्ल या दोहोंतही जगतात. त्यांच्या वाढीमुळे रसात बुडबुडे येतात, झाकण उघडताना वायू सुटतो व मद्यासारखा वास येतो. पृष्ठभागावर पांढरी साय किंवा बुरशी दिसल्यास वरचा भाग काढून उरलेले वापरण्याची पद्धत सुरक्षित नाही. बुरशी अम्लाचा उपयोग करून आंबटपणा घटविते आणि त्यामुळे इतर सूक्ष्मजीवांना वाट मोकळी होते. असे लोणचे सर्वच टाकून द्यावे.

आहारातील स्थान : सुक्या फळांमुळे या लोणच्यात तंतू, पोटॅशियम व काही प्रमाणात लोह असते. बेदाण्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करांचा असतो आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची भर पडते. म्हणून मधुमेहींनी त्याचे सेवन बेतानेच करावे. मीठ कैरीच्या लोणच्यापेक्षा कमी असले, तरी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या दृष्टीने ते उपेक्षणीय नसते. साखर कमी करावयाची असल्यास ती कमी करता येते, कारण फळांची स्वतःची गोडी पुरेशी असते. मीठही या प्रकारात काही अंशी कमी करता येते. लिंबाचा रस किंवा शिर्का मात्र कमी करता येत नाही. भिजलेले फळ टिकते ते त्याच्याच आधारावर.